ओ न देणारं कापड

आबांनी वडगावात चाळीस वर्षं साड्या विणल्या.
पोत अंगठ्यानं ओळखायचे,
काठ बोटाच्या पेरांनी मोजायचे.
उद्यमबागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी जे कापड शिवते
त्याला काठच नाही.
बाण्यात केसाएवढी पोलादी तार,
पाठीला काजळीसारखा लेप,
वरून माळावरच्या वाळल्या गवताचा रंग.

हंजी साहेबांनी पहिल्या दिवशी समजावलं:
रडार म्हणजे हाक.
हाक येऊन आदळते,
वस्तू ओ देते आणि सापडते.
हे कापड ओ देत नाही.
हाक गिळून बसतं.

मी म्हटलं, आई हेच सांगायची.
तिन्हीसांजेनंतर कुणी नाव घेऊन बोलावलं
तर तीन हाका होईस्तोवर गप्प राहायचं.
माणूस असलं तर तिसऱ्यांदा बोलावतं.
ते दुसरं असतं ते एकदाच.
साहेब हसले नाहीत.
त्यांच्या चिकोडीकडच्या गावात
दारावर खडूनं लिहून ठेवायचे, नाळे बा,
उद्या ये.

उष्णतेचं निराळं.
तिला हाक लागत नाही,
ती आपणहून सांगत सुटते:
इथं रक्त आहे, इथं इंजिन आहे,
इथं आत्ताच कुणी बसून उठलंय.

पौषात, येळ्ळूरच्या गडाखाली, पहाटे साडेपाचला
मी त्या कापडाखाली जाऊन बसले.
शंभर पावलांवर इराप्पा,
हातात कॅमेरा, डोक्याला मफलर.
त्याच्या पडद्यावर दिवसभर तापलेले दगड अजून करडे,
रानातली म्हैस दुधासारखी पांढरी,
एक कुत्रं, त्याचं नाक काळं.
आणि मी?
‘इल्ल,’ तो ओरडला, ‘काणंगिल्ल!’
मग आमच्या भाषेत,
‘दिसंनास की गं तू!’

न दिसणं गार असेल असं वाटलं होतं.
खरं आत भट्टी होती.
लपवलेली ऊब कुठं जात नाही,
माझीच मला परत मिळत होती,
मानेवर, काखेत, पापण्यांच्या आत.
बाहेर दवानं गवत वाकलेलं
आणि माझ्या हनुवटीवरून घाम.
बसणाऱ्यानं रात्रभर बसायचं असतं म्हणे.
तो कोण असेल,
कुठल्या डोंगरात,
त्याचं नाव मोठ्यानं घ्यायला मागं कोण असेल,
हे विचारायचा रकाना आमच्या वहीत नाही.

विसाव्या मिनिटाला इराप्पा गप्प झाला.
मग म्हणाला, हलू नको. काय तरी दिसूलंय.
मी हललेच नव्हते.
डाव्या अंगाला, जिथं दोन पट्टे मी जोडले होते,
तिथं टाक्याटाक्यातून ऊब झिरपत होती.
अंधारात अधांतरी
एक बारीक उजळ रेघ,
सरळ, अखंड, दोन हात लांब.
‘साडीचा काठ कसा असतोय बघ,’ तो म्हणाला,
‘तसलं.’

नापास.
साहेबांनी शिवण दुमडून दुहेरी घ्यायला लावली,
मध्ये लेपाची पट्टी.
पुढच्या मंगळवारी मी परत बसले.
वीस मिनिटं. चाळीस. तास.
वहीत इराप्पानं कन्नडात लिहिलं, मी खाली मराठीत:
काही आढळले नाही.

उरलेली चिंधी घरी आणायची नसते.
मी आणली, तळहाताएवढी.
आबांना आता नीट दिसत नाही.
त्यांनी अंगठा फिरवला,
पालथी केली, पुन्हा फिरवला,
कडेकडेनं बोट नेलं
जसं कुणी अंधारात दाराची कडी चाचपतं.
‘हिला काठ कुठाय?’
मी भाजी चिरत होते.
‘पोरी, काठ कुठाय हिचा?’
सुरी फळीवर. बाहेर शेजाऱ्यांचे माग,
खटक, खटक.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं,
होता, आबा.
एकदाच दिसला,
पहाटे,
इराप्पाला.
मग मी तो मिटवला.